अप्पांच्या हातचा बिघाड

गळीत हंगाम सुरू झाला की आधी रस्ता सांगतो. परळीकडे येताना डांबरावर टायरांनी चिरडलेलं पाचट दिसायला लागतं. कडेच्या धुळीत उसाच्या कांड्या पडलेल्या असतात आणि एखादी शेळी त्यातली एक तोंडात धरून बाभळीखाली उभी असते. मग वास येतो. आधी गोड, मागून जरासा आंबूस, मळीचा. परवा पुण्याहून येताना एसटीच्या खिडकीतून तो आत आला आणि शेजारची बाई म्हणाली, "लागला बगा कारखाना." मी नुसती हसले, पण कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. दुसऱ्या कुणाला मळीच्या वासानं गूळ आठवत असेल, माहेर आठवत असेल. मला लाज वाटते. कितीतरी वर्षं झाली, माझ्या वयाच्या बायका सुनांच्या गोष्टी करायला लागल्या, तरी वाटते.

त्या हंगामात मी घरीच होते. इंजिनिअरिंग झालं होतं, पुण्याच्या एका कंपनीचं नेमणुकीचं पत्रही आलं होतं, पण रुजू व्हायची तारीख पुढं पुढं जात होती. अमेरिकेत मंदी आहे म्हणे. अमेरिकेतली मंदी आमच्या परळीच्या घरात अशी येऊन बसली होती. सकाळी उठायचं, गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरची राख झटकायची आणि पोस्टमनची वाट बघायची. औष्णिक केंद्राच्या चिमण्या गच्चीवरून हाताच्या अंतरावर असल्यासारख्या दिसत. आई लुगडं एकदा दोरीवरून काढताना झटकायची आणि एकदा घडी घालताना. साऱ्या राज्याला वीज देणाऱ्या त्या चिमण्यांच्या पायथ्याशी आमच्याकडं मात्र भारनियमन असायचं. त्याचं कुणाला काही वाटत नसे. लाइट गेली की गल्लीतली माणसं ओट्यावर येऊन बसत, आली की आत जात.

हवेत गारठा होता. नांदूरघाटहून मामाकडचा हुरडा आला होता, आई तो शेंगदाण्याच्या चटणीबरोबर परातीत मांडायची. अप्पा एका हातानं हुरडा खात आणि दुसऱ्या हातानं माझं कॉलेजचं पुस्तक धरत. पुस्तकाच्या पानांवर हिरवट डाग पडायचे. ते पुस्तक अजून माझ्याकडं आहे.

अप्पा म्हणजे माझे वडील. बीडला एका महामंडळाच्या वायरलेस कक्षात त्यांनी ऐन उमेद घालवली. कानाला हेडफोन, समोर खरखर करणारा सेट आणि त्या खरखरीतून माणसाचा आवाज वेगळा काढायचा. गावात त्यांना सगळे 'वायरलेस अप्पा' म्हणत. त्यांच्या कामात एक गोष्ट सगळ्यात वाईट मानली जायची. ऐकू आलं नसताना ऐकू आलं म्हणणं. "न्हाई ऐकू आलं तर न्हाई म्हणायचं. पुन्ना इचारायचं. त्यात कमीपणा न्हाई," हे ते आम्हाला लहानपणी शिकवायचे, पाढे शिकवावेत तसं. मग सगळीकडं टेलिफोन झाले, पाठोपाठ मोबाइल आले, आणि महामंडळाला वायरलेस कक्ष नकोसा झाला. स्वेच्छानिवृत्ती असं त्याचं नाव. त्यातली स्वेच्छा कुणाची होती ते अप्पांनी कधी सांगितलं नाही. घरी आले, दोन-चार महिने दारापुढच्या तुळशीला पाणी घालत राहिले आणि एक दिवस माझ्या टेबलावरचं प्रोग्रॅमिंगचं पुस्तक उचलून म्हणाले, "सुमे, हे मला येईल का गं?"

आलं. माझ्यापेक्षा चांगलं आलं. मी परीक्षेपुरतं शिकले होते, ते तहानलेल्या माणसासारखे शिकले.

तालुक्यापलीकडं एक कारखाना होता. तिथल्या हेड अकौंटंट साहेबांची अप्पांशी बीडपासूनची ओळख. उसाच्या गाड्या वजनकाट्यावर तोलल्या जायच्या आणि तिथलं वजन मुख्य ऑफिसातल्या संगणकात जायचं, तारेनं. ती तार दर हंगामात एखादी ट्रॉली तोडायचीच. अप्पांनी सुचवलं, तार कशाला? तेव्हा संगणकात बसणारी वायरलेस कार्डं नुकती मिळायला लागली होती. काट्यावर एक, ऑफिसात एक, दोन्ही छपरांवर छोटे अँटेना. त्या संगणकांवर जी प्रणाली होती ती फुकट मिळणारी, जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेली आणि कुणालाही उघडून बघता येईल अशी. अप्पांना तीच भावली. कार्ड आणि संगणक यांच्यामध्ये बोलणं करून देणारा जो प्रोग्रॅम असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. आमच्या आत्याला वाटायचं अप्पा आता कुठल्याशा ड्रायव्हरच्या हाताखाली काम करतात. तिला ते आवडलं नव्हतं.

त्या ड्रायव्हरचं लिखाण वाचता वाचता अप्पांना त्यात एक खोट दिसली. कार्ड सुरू करताना ड्रायव्हर संगणकाकडून त्याच्या मेमरीतली थोडी जागा मागून घेतो. कार्ड सुरू झालंच नाही, तर ती जागा परत करून 'जमलं नाही' असं सांगायचं असतं. एका ठिकाणी परत करायचं राहून गेलं होतं. अप्पांनी ते नीट केलं. नुसतं तेवढंच नाही, तर सगळ्या चुकांसाठी बाहेर पडायचा एकच रस्ता केला. काही बिघडलं की तिथं यायचं, घेतलेलं सगळं परत द्यायचं आणि बाहेर पडायचं. दिसायला फार सुरेख झालं होतं ते. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेतून त्यांनी तो बदल त्या जगभरच्या मंडळींना पाठवला. तो ड्रायव्हर सांभाळणारा एक परदेशी माणूस होता. त्याची दोन ओळींची मेल आली. बदल घेतला, छान आहे.

आईनं वैजनाथाला नारळ फोडला. गल्लीत पेढे वाटले. "ह्यांनी लिवलेलं आता साऱ्या जगात चालतंय," असं ती सांगायची आणि अप्पा चेहरा भिंतीकडं करून उभे राहायचे. एवढा आनंद झालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. निवृत्तीनंतर वाकलेली त्यांची मान त्या महिन्यात सरळ झाली होती. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढं जे झालं ते कळायला ती मान कळायला हवी.

कारखान्याचा भोंगा झाला, गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडली, हंगाम सुरू झाला. अप्पांनी काट्यावरच्या मशीनवर मोठ्या अभिमानानं तो नवा ड्रायव्हर चढवला. आणि मशीन थिजायला लागलं.

रोज नाही, आणि दर वेळी तर नाहीच. लाइट गेली, आली, मशीन पुन्हा सुरू झालं की कधी कधी पडद्यावर अर्धीच अक्षरं उमटायची आणि तिथंच सगळं गार. कळफलक दाबा, काही करा, ढिम्म. मशीन बंद करायचं, कार्ड काढायचं, पुसायचं, बसवायचं, पुन्हा सुरू करायचं, आणि तोवर लाइट पुन्हा जायची. काट्यावर सलीमभाई नावाचे क्लार्क होते. गोरेपान, पान खाणारे, आणि अप्पांचे भक्त. त्यांच्यावर साहेबांचा हुकूम असा होता की मशीननं 'जोडणी नाही' असं दाखवलं तरच हातानं पावती फाडायची. एरवी नाही. हातानं लिहिलेल्या पावतीत वजन मारलं जातं अशी शेतकऱ्यांची आणि तोडणीवाल्यांची ओरड असायची, म्हणून तो नियम. मशीन काहीच दाखवत नसेल तर? ते कुणी ठरवलं नव्हतं. म्हणून थांबायचं. मागं टायरगाड्यांची रांग फाट्यापर्यंत जायची. बैल जू मानेवर घेऊन तसेच उभे. ऊस उन्हात वाळायचा, आणि मजुरी तर टनावर.

मी अप्पांबरोबर दोन-तीनदा गेले होते. ती रांग मला आजही दिसते. गाड्यांवरून खाली लोंबणारं उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाढं, बैलांच्या अंगाचा उबट वास, बायका गाडीच्या सावलीत बसून भाकरी सोडायच्या आणि रांग पुढं सरकली की तशीच बांधून उठायच्या. कुणी भांडत नव्हतं. थांबण्याची त्यांना इतकी सवय होती की थांबवणारा कोण हे विचारायची सवय राहिली नव्हती.

एका बाजाराच्या दिवशी अप्पा मला घेऊन सायबर कॅफेत गेले. मेल उघडली. त्या मंडळींच्या चर्चेत कुणीतरी तक्रार केली होती, की कार्ड सुरू झालं नाही तर नव्या ड्रायव्हरमुळं अख्खा संगणक थिजतो. त्याखाली दुसऱ्यानं लिहिलं होतं, माझ्याकडंही. तिसऱ्यानं एकामागून एक जुने बदल काढून पाहिले होते आणि बिघाड नेमका कुठून आला ते शोधलं होतं. तिथं अप्पांचं नाव होतं. पूर्ण नाव, आडनावासकट. कुणी शिवी दिली नव्हती, कुणी टोमणाही मारला नव्हता. फक्त लिहिलं होतं की या बदलापासून हे रिग्रेशन आहे.

अप्पांनी ओळीखाली बोट धरून ते पुन्हा वाचलं. मग हळूच म्हणाले, "रिग्रेशन म्हंजे?"

मी म्हटलं, "आधी चालत होतं ते नव्या बदलानं बिघडणं."

"म्हंजे आपुन हात लावायच्या आधी बरं होतं."

शेजारच्या खुर्चीवरचा माणूस हेडफोन लावून गाणी ऐकत होता. बाहेर रेल्वेची घोषणा चालली होती. अप्पांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. ओळ तीच होती.

चूक त्यांना तिथंच कळली. घरी येईपर्यंत बोटांनी हवेत रेघा मारून त्यांनी ती मला समजावली. आतल्या एका टप्प्यात बिघाड झाला तर तो टप्पा स्वतःच जागा परत करत होता. आणि त्यांच्या त्या सुरेख एकुलत्या रस्त्यानं बाहेर पडताना तीच जागा दुसऱ्यांदा परत दिली जात होती. एकदा परत दिलेलं पुन्हा द्यायला गेलं की संगणकाचा हिशेब फिस्कटतो आणि तो थिजतो. कार्ड नीट सुरू होत असेल तर हे कधीच दिसणार नाही. आमच्यासारखं दिवसातून कितीदा तरी लाइट जाणारं गाव असेल, तर रोज दिसणार. त्यांच्या चुकीचा जगात सगळ्यात जास्त त्रास त्यांच्याच काट्यावर होत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही कारखान्यावर गेलो. मला वाटलं होतं अप्पा जाऊन सांगतील आणि जुना ड्रायव्हर परत चढवतील. तासाभराचं काम. पण साहेबांनी हंगामाच्या सुरुवातीलाच बजावलं होतं, "अप्पा, आता चालू मशीनला हात लावायचा न्हाई." हात लावायचा तर कारण सांगावं लागणार होतं. आम्ही काट्यावर पोचलो तर मशीन थिजलेलं आणि सलीमभाई कार्डावर फुंकर मारत होते.

"देखो अप्पा," ते म्हणाले, "ये व्होल्टेज का लफडा हाय. तुमचं कार्ड काय करील बिचारं? लाइटच हरामखोर हाय. बरोबर का न्हाई?"

आणि अप्पांनी मान हलवली.

एवढंच. शब्द एकही बोलले नाहीत. नुसती मान, खालीवर, एकदा. मी दारात उभी होते. बाहेरच्या उन्हातून आत आल्यामुळं डोळ्यांपुढं अंधारी होती, तरी ते मला अगदी स्वच्छ दिसलं. ऐकू न आलेलं कधी ऐकू आलं न म्हटलेला माणूस. मला वाटलं कुणी माझ्या अंगावरचा पदर ओढला. मी मागं वळून गाड्यांच्या रांगेकडं बघत राहिले, कारण अप्पांकडं बघता येत नव्हतं.

नंतरचे दिवस घरात फार शांत गेले. अप्पांनी ओट्यावर बसणं सोडलं. संध्याकाळी मेरूगिरीच्या डोंगरवाटेनं फिरायला जायचे, तेही बंद. कुणी हाक मारली, "काय वायरलेस अप्पा, जगभर नाव झालं म्हणं," तर ते आतल्या खोलीत निघून जायचे. आईला वाटलं पोट बिघडलंय, तिनं ओव्याचं पाणी करून दिलं, ते मुकाट्यानं प्यायले. मला ते सगळं जरा अति वाटायचं. गावात एका माणसाला तरी कळणार होतं का हे? रस्ते वर्षात उखडत होते, पुलाचे कठडे पडत होते, आणि ते करणारी माणसं सत्काराला उभी राहत होती. आणि इथं एक म्हातारा इंग्रजीतल्या चार ओळींपायी जेवत नव्हता. मी एकदा म्हणालेही तसं. अप्पा म्हणाले, "कळत न्हाई म्हणूनच लाज वाटती, माय. कळलं असतं तर लोकांनी दोन शिव्या घातल्या असत्या, इषय मिटला असता."

दुरुस्तीला आम्ही दोघं बसलो. घरच्या संगणकावर त्यांनी ड्रायव्हरमध्ये मुद्दाम एक ओळ घातली. कार्ड काहीही म्हणो, 'सुरू झालं नाही' असंच समजायचं. मशीन सुरू केलं. थिजलं. तसं त्यांनी ते पुन्हा पुन्हा थिजवलं, दर वेळी तोंड कसनुसं करून. मग तो एक सुरेख रस्ता त्यांनी मोडला. ज्या टप्प्यावर बिघडलं त्या टप्प्यापुरतंच मागं यायचं, जे आपण घेतलं तेवढंच आणि एकदाच परत द्यायचं, आणि झालेली चूक वर कळवायची, गिळायची नाही. आता ते पहिल्यासारखं देखणं दिसत नव्हतं. पायऱ्या पायऱ्या दिसत होत्या. मशीन सुरू केलं. पडद्यावर ओळ आली, कार्ड सुरू झालं नाही. आणि खाली चौकोन लुकलुकत राहिला. जिवंत.

बदलाबरोबर इंग्रजीत एक टीप लिहावी लागते, काय बिघडलं होतं आणि का. इंग्रजीचं काम माझ्याकडं. मी लिहिलं, 'आधीच्या एका बदलामुळं ही चूक आली होती.'

अप्पा खांद्यावरून वाचत होते. "कुणाच्या बदलामुळं?"

"नाव दिसतंच आहे त्यांना."

"ते दिसंल. तू लिही. माझ्या."

मी 'माझ्या' लिहिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, मग फ्लॉपीवर घेतलं. पाठवून आल्यावर त्या रात्री ते जेवले, पण फार नाही. मला म्हणाले, "विंग्रजीत कबूल करणं सोपं गेलं बग. जणू दुसऱ्याच कुणाबद्दल लिवलंय."

पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी आम्ही फ्लॉपी घेऊन कारखान्यावर गेलो. नशीब बघा, मशीन तेव्हाही थिजलेलंच होतं आणि रांग फाट्याच्याही पलीकडं गेली होती. साहेब बीडला गेले होते. अप्पा काट्याच्या खोलीत शिरले, पण बसले नाहीत. सलीमभाईंनी चहा मागवायला हाक दिली तेव्हा त्यांनी थांबवलं.

"सलीमभाई, ही लाइट न्हाई. माझ्या हातची चूक हाय."

"क्या बात करते अप्पा?"

"व्होल्टेज नव्हतं. कार्ड कवामवा सुरू व्हत न्हाई, पर त्यानं अख्खं मशीन थिजायला नको. मी ड्रायव्हर बदललाता, त्यात चूक झाली. तुमी त्या दिवशी इचारलं तवा मला म्हाईत होतं. मी मान हालवली."

सलीमभाई हसले. खरंच हसले. "कायकू अपने सिर पे लेते जी? मशीन हाय, बिगडतंय." खिडकीशी उभे असलेले दोन-तीन गाडीवानही हसले. एकजण म्हणाला, "म्हातारबाबा, मशीनचा गुन्हा तुमी कावून घेताव?"

अप्पा खिडकीकडं वळले आणि तेच पुन्हा सांगितलं, आता मोठ्यानं. संगणक, ड्रायव्हर, जागा परत करणं, सगळं. माणसं ऐकत होती, पण समजून नव्हे. देवळात कीर्तन चालू असताना ज्यांना घरी जायची घाई असते तशी. पुरे ना, असं मला वाटत होतं. मी त्यांची बाही ओढली. त्यांनी सोडवून घेतली. माझ्या बापाला भर काट्यावर कुणी वेडा ठरवत होतं आणि तो स्वतःच त्यांना पुरावे देत होता. लाज वाटली, त्यांची वाटली, त्यांच्यासमोर उभं असल्याची वाटली.

तेवढ्यात मागून एक बाई पुढं आली. गयाबाई. नाव नंतर पावतीवर कळलं. केजकडची, डोक्याला फडकं गुंडाळलेलं, हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे. नवरा तापानं पाचटाच्या कोपीत पडला होता आणि गाडी तिनं एकटीनं हाकत आणली होती. तिनं संगणकाचं काही विचारलं नाही.

"ही रांग तुमच्यापायी हाय?"

"व्हय."

"कवा कळलं तुमाला?"

"मागच्या बाजाराला."

तिच्या मागं तिचा एक बैल गुडघ्यावर बसला होता आणि दुसरा उभा असल्यानं जू तिरकं झालं होतं.

"मंग इतके दिस कावून गप बसलाव?"

अप्पांनी हातातली फ्लॉपी टेबलावर ठेवली.

"म्या इथं उभी ऱ्हाती सकाळधरनं. घरी मानूस तापानं फणफणलंय, त्याला पानी द्यायला कुणी न्हाई. ह्या बैलाची मान बगा, सोलून निगाली. आन तुमाला ठावं होतं? चुकलं म्हणताव, चुकतंय मान्साचं. पर म्हाईत असून बसलाव? कापडं बरी हायती अंगावर, लेक शिकलेली दिसती. तरी बसलाव?"

कुणी हसत नव्हतं आता. सलीमभाई "ओ बाई, ओ बाई" करत पुढं झाले, अप्पांनी हात आडवा धरला. ते मान खाली घालून उभे होते, शाळेत उभं केल्यासारखे. मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. मला वाटलं होतं ते कोसळतील. तसं झालं नाही. चेहरा उतरला होता, पण इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणाचं तरी बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. "माझंच चुकलं," ते म्हणाले. "दोनदा चुकलं."

"मंग करा आता दुरुस्त आन सोडा गाड्या," ती म्हणाली आणि बैलाला उठवायला गेली.

त्यांनी दुरुस्त केलं. साहेबांची परवानगी न घेताच केलं. त्याबद्दल पुढं बोलणी खाल्ली आणि साहेबांनाही सगळं सांगितलं. नवा ड्रायव्हर चढला, मशीन सुरू झालं, गाड्या काट्यावर यायला लागल्या. थोड्या वेळानं ठरल्यासारखी लाइट गेली. आली. मशीन सुरू झालं, अक्षरं उमटत गेली, आणि मधेच ती ओळ आली. कार्ड सुरू झालं नाही. जोडणी नाही. अक्षरं पुढं उमटत राहिली. काट्याचं वजन पडद्यावर आलं. ऑफिसशी जोडणी नव्हती, पण मशीननं तसं स्पष्ट सांगितलं होतं, म्हणून सलीमभाईंनी हातानं पावती फाडली आणि गाडी सोडली. रांग हलली. दुरुस्ती म्हणजे काय, तर लाइट गेली की कार्ड पूर्वीइतकंच अडत होतं. फक्त आता ते झाकलं जात नव्हतं.

परदेशातल्या त्या माणसाचं उत्तर बऱ्याच दिवसांनी आलं. बदल घेतला, आभार. अप्पांनी ते आईला सांगितलंच नाही, तेव्हा पेढ्यांचा प्रश्न आला नाही. पुढं त्यांनी आणखीही बदल पाठवले, काही घेतले गेले. पण मान पुन्हा त्या महिन्याइतकी सरळ झाली नाही. आता ते फार थकलेत, कमी ऐकू येतं. परवा मी त्यांना विचारलं, अप्पा, तो हंगाम आठवतो का? ते म्हणाले, "आठवत न्हाई असं म्हणलं तर खोटं व्हईल."

मला मात्र त्या दिवसातलं शेवटचं आठवतं. ऊन कलल्यावर गयाबाईची गाडी काट्यावर आली. ती खाली उतरली आणि खिडकीशी आली. अप्पा पडद्यापुढं होते.

"किती भरलं?"

अप्पांनी आकडा वाचला.

"खरं ना?" ती म्हणाली.

तिनं ते रागानं नाही विचारलं. खवचटपणानंही नाही. जो माणूस मघाशी स्वतःच म्हणाला की मी माहीत असून गप्प बसलो, त्याला विचारावं तसं, साधं. सलीमभाई ताडकन उठले, "अरे, अप्पांना इचारती तू खरं का म्हणून? अप्पांना?"

अप्पांनी टेबलावरचे कागद बाजूला केले. त्या काळचे पडदे म्हणजे पेटीएवढे जड. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, छातीला टेकवला आणि टेबलावर घासत घासत फिरवायला लागले. मी दुसऱ्या बाजूनं हात लावला. वायरी ताणल्या गेल्या, त्या सैल केल्या. पडद्याचं तोंड खिडकीकडं झालं.

गयाबाईनं गजांना कपाळ टेकवलं आणि आकडा एकेक अंक लावून वाचला, ओठ हलवत. मग पावतीवरचा वाचला. मग पुन्हा पडद्यावरचा. आम्ही तिघं पडद्याच्या मागं उभे होतो. तिथून आम्हाला काहीच दिसत नव्हतं.

तिचं वाचून होईपर्यंत अप्पा तसेच उभे राहिले.

पडदा नंतर कुणी फिरवला नाही. हंगाम संपेपर्यंत सलीमभाई मान वाकडी करून काम करत होते, अप्पांच्या नावानं कुरकुरत होते, आणि गाडीवान खिडकीशी येऊन आपापलं वजन वाचत होते.